त्रिरश्मीवरील एक अक्षयनीवि: रुग्ण भिक्षूंच्या औषधाची तरतूद

नाशिक शहराच्या दक्षिणेस मुंबईच्या रस्त्यावर त्रिरश्मि पर्वत आहे. तेथील लेणीं पांडवलेणीं या नांवानें वाचकांच्या परिचयाचीं आहेत. त्यांपैकीं १० व्या लेण्याचें नांव निघालें कीं नहपानाचा जांवई उषवदात याचे दानलेख आठवतात, आणि त्याच लेण्याच्या अंगणांतील एक झिजलेला लेख मागें पडतो. तो आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा असून एमिल सेनार यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ८ व्या खंडांत तो छापिला. इ. स. २४९ च्या सुमाराच्या संवताशीं त्याचा संबंध जोडणारे त्याचा काळ इ. स. २५८ च्या आसपास धरितात. राजवंश व कालगणना यांसाठीं त्याचा ऊहापोह पुष्कळ झाला. आम्हांस येथें दानाच्या प्रयोजनाशीं कर्तव्य आहे.

दान देणारी स्त्री आहे: शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची माता, उपासिका विष्णुदत्ता. पर्वतावरील विहारांत राहणाऱ्या चातुर्दिश भिक्षुसंघाच्या ‘गिलानभेषजा’साठीं, म्हणजे आजाऱ्यांच्या औषधासाठीं, तिनें अक्षयनीवि ठेविली. अक्षयनीवि म्हणजे न मोडावयाचें भांडवल. खर्चावयाचें तें केवळ व्याज. ही ठेव गोवर्धन येथील श्रेणींच्या हातीं दिली. कुलरिकांकडे (हे बहुधा कुंभार) १००० कार्षापण. ओदयंत्रिकांकडे, म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणाऱ्यांकडे, २०००. एका श्रेणीकडे ५००, तिचें नांव दगडाबरोबर गेलें. आणि तिलपिषकांकडे, म्हणजे तेल्यांकडे, कांहीं रक्कम, जिचा आंकडा शाबूत नाहीं.

उषवदाताच्या ४२ व्या वर्षाच्या लेखाशीं ताडून पाहिल्यास याचें महत्त्व ध्यानीं येतें. त्यानें एका कोलिकश्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व दुसरीकडे १००० दरमहा शेंकडा पाऊण या दरानें ठेविले. पहिल्या रकमेचें वार्षिक व्याज २४० होतें. वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ प्रमाणें तें बरोबर पुरतें. हिशेब इतका चोख आहे. वस्त्र, अन्न, निवास व औषध या भिक्षूच्या चार गरजांपैकीं औषधासाठीं मात्र त्यांत वेगळी नेमणूक नाहीं. ती शतकाहून अधिक काळानें विष्णुदत्तेनें केली. तिच्या लेखांत दर वाचतां येत नाहीं. उषवदाताचा शेंकडा १ हा दर धरिला तर वाचनीय ३५०० कार्षापणांवर वर्षास ४२० येतात. ठेव चार ठिकाणीं विभागिल्यामुळें एक श्रेणी मोडली तरी औषध बंद पडूं नये, हा हेतु असावा असें आम्हांस वाटतें.

यावरून त्रिरश्मीवर रुग्णालय होतें असें म्हणणें मात्र अतिव्याप्त होईल. लेखांत वैद्य नाहीं, रुग्णांची खोली नाहीं. तेल हें विनयानें मान्य केलेल्या पांच औषधांपैकीं एक (इतर चार तूप, लोणी, मध व काकवी), म्हणून तेल्यांनीं औषधच पुरविलें असेल हा तर्क मोहक खरा. पण दगडावर ठेव आहे, पुरवठा नाहीं.

ज्या संग्राहकांजवळ या लेखाचे जुने ठसे असतील त्यांनीं ‘तिलपिषक’ या शब्दापुढील अक्षरें अवश्य तपासावीं. तो आंकडा मिळाल्यास औषधाची एकंदर नेमणूक सांगण्यास पुष्कळ साहाय्य होईल.