काळा रंग विकत घेताना: कोल्हापूरच्या स्टुडिओपासून मलकापूरच्या हॉलपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे एसटीत रेंज जाते म्हणून वैतागलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय टीव्हीचा आहे. पण "टॉप फाइव्ह टीव्ही" छापाचा भाग हा नाही. आमच्या मलकापूरच्या घरी नवीन टीव्ही घ्यायचं ठरलं. मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. बुलढाण्यातलं नाही, कराडजवळचं पण नाही. ऑनलाइन ऑर्डर करताना आम्ही पिनकोड तीनदा बघतो ते यासाठीच. बाबा रिटायर झालेत, त्यातले थोडे पैसे बाजूला काढलेत. घरात आजी आहे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे "तुलाच कळतंय, तूच सांग" हे काम माझ्याकडं आलं. ओएलईडी म्हणजे पंचावन्न इंचाला लाखाच्या आसपासची गोष्ट. चुकून चालणार नव्हतं.

मी स्पेसिफिकेशन वाचत बसलो आणि एकच शब्द सारखा समोर येत राहिला: काळा. परफेक्ट ब्लॅक, ट्रू ब्लॅक, इन्फिनिट ब्लॅक. मग मला प्रश्न पडला की आपण एवढे पैसे चक्क अंधारासाठी देतोय का? उत्तर शोधताना मी शंभर वर्षं मागं गेलो, आणि ते सापडलं घरापासून पन्नासेक किलोमीटरवर, कोल्हापुरात.

सूर्य हाच लाइटमन

बाबूराव पेंटर. खरं आडनाव मेस्त्री, जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा बघितला आणि दोघांना त्याचं वेड लागलं. कॅमेरा परवडत नाही, मग स्वतःच बनवू, असा तो जमाना. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन काम पुढं नेलं, कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पैसे दिले गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२० साली 'सैरंध्री' आला.

आता त्या काळात शूटिंग कसं व्हायचं ते बघा. फिल्मला भरपूर उजेड लागायचा आणि फुकटचा उजेड एकच, सूर्याचा. स्टुडिओ म्हणजे उघड्यावरचा सेट, वर पातळ कापड ताणलेलं, म्हणजे ऊन थेट तोंडावर येत नाही, मऊ होऊन पसरतं. ढग आले की काम बंद. आमच्याकडचा पावसाळा ज्यांनी बघितलाय त्यांना यातला वैताग लगेच कळेल.

अशात बाबूरावांनी १९२३ साली 'सिंहगड' करायला घेतला. हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून. गोष्ट तानाजीची. आणि तानाजी गड चढला तो रात्री. उन्हात शूट केलेली रात्र रात्र वाटणार कशी? तेव्हा बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरून ही दृश्यं घेतली. भारतीय सिनेमात कृत्रिम प्रकाश वापरण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून 'सिंहगड'चं नाव घेतलं जातं. याच सिनेमात शेलारमामा झालेला पोरगा पुढं व्ही. शांताराम म्हणून गाजला.

मला यातली गंमत ही वाटते, की पडद्यावर अंधार दाखवायला बाबूरावांना *जास्त* दिवे आणावे लागले. एक कडा उजळली की बाजूचं सगळं काळं दिसायला लागतं. चित्रकाराला हे आधीच माहीत असतं. काळा हा एकटा दिसत नाही, तो शेजारच्या उजेडामुळं दिसतो. टीव्हीवाले ज्याला आज कॉन्ट्रास्ट म्हणतात, ते हेच.

रंग जर्मनीला गेले

पुढची पायरी रंगाची. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघं बाबूरावांच्याच तालमीतले. १९३३ साली ते पुण्याला गेले, आणि आज त्या जागेत एफटीआयआय आहे. त्याच १९३३ साली प्रभातनं 'सैरंध्री' पुन्हा केला, आता रंगीत. प्रिंटा करायला फिल्म जर्मनीला नेली. एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि पडद्यावर रंग मनासारखे उतरलेच नाहीत.

म्हणजे कॅमेऱ्यापुढं सगळं छान होतं. बिघडलं ते कॅमेरा आणि प्रेक्षक यांच्या मधल्या साखळीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, टीव्ही घेताना परत लागणार आहे.

झिरोच्या बल्बचं शास्त्र

आता घरात येऊ. दिल्लीत टीव्ही १९५९ ला सुरू झाला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी पुण्यासाठी ट्रान्समीटर बसला तो सिंहगडावर. बाबूरावांच्या 'सिंहगड'ला बरोबर पन्नास वर्षं झाली होती, हा निव्वळ योगायोग. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं, आशियाई खेळ आले, आणि त्या दशकात ट्रान्समीटर वाढत गेले तसा टीव्ही जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. सेटला लायसन्स लागायचं, तेही त्याच दशकात गेलं. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसारखी आपल्याकडची नावं घराघरात आली.

त्या जुन्या डब्ब्यांबद्दल एक साधी गोष्ट. बंद असताना त्यांची काच राखाडी दिसायची, आठवतंय? चालू असताना त्या टीव्हीचा सर्वात काळा काळा तेवढाच. त्याहून जास्त काळा तो दाखवूच शकत नव्हता, कारण खोलीतला उजेड त्या काचेवर पडून परत यायचा.

आणि मग घराघरातली ताकीद: "अंधारात टीव्ही बघू नका, डोळे जातील." त्यासाठी झिरोचा बल्ब लावून ठेवायचे. डोळे कायमचे जातात यात तथ्य नाही, पण डोळे थकतात हे खरंय. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी होते आणि समोर एकदम पांढरा सीन आला की डोळ्याला टोचतो. मागं मंद उजेड असला की बाहुली तेवढी ताणत नाही. वर त्या उजेडामुळं पडद्यावरचा काळा अजून काळा वाटतो. बाबूरावांचंच तत्त्व, फक्त पडद्याच्या बाहेर.

आज यालाच बायस लाइटिंग म्हणतात. नियम सोपा आहे: दिवा टीव्हीच्या *मागं*, भिंतीकडं तोंड करून. पांढरा, साडेसहा हजार केल्विनचा. आणि मंद, म्हणजे पडद्याच्या कमाल उजेडाच्या साधारण दहा टक्के. झिरोचा बल्ब पिवळा असायचा आणि कुठंही टांगलेला असायचा, एवढाच काय तो फरक.

दुसरा प्रकार म्हणजे पडद्यावरच्या रंगाप्रमाणं भिंतीवर रंग टाकणारे दिवे. फिलिप्सनं २००४ मध्ये अॅम्बिलाइट आणलं, तिथून हे सुरू झालं. आता बाहेरून लावायच्या पट्ट्या मिळतात. इथं दोन गोष्टी तपासा. एक, एचडीएमआय बॉक्सवाल्या किटला टीव्हीच्या आतल्या ॲपमधलं चित्र दिसत नाही, फक्त बाहेरून जोडलेल्या सेटटॉप बॉक्सचं किंवा स्टिकचं दिसतं. कॅमेरावाल्या किटला सगळं दिसतं, पण तिचा अंदाज थोडा ढोबळ असतो. दोन, तुमची भिंत. आमची पिस्ता रंगाची आहे. त्यावर लाल टाकला की मातकट दिसतो. दिवे घ्यायच्या आधी भिंतीला पांढरा नाहीतर फिका राखाडी हात मारणं स्वस्त पडतं.

ओएलईडी म्हणजे नक्की काय

१९८७ साली कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी कार्बनी पदार्थांच्या पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर प्रकाश काढून दाखवला. २००७ मध्ये सोनीनं अकरा इंची ओएलईडी टीव्ही विकायला काढला. २०१३ मध्ये एलजीचा पंचावन्न इंची आला. साध्या एलईडी टीव्हीत मागं दिवे असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवतो. अडवतो, पण पूर्ण नाही, म्हणून रात्रीचा सीन धुरकट दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो. काळं हवं असेल तिथं तो ठिपका बंद. तानाजी चढतोय तो कडा काळा, मशाल पेटलेली, आणि दोघांच्या मधे एक रेघही धूसर नाही.

पण यात दोन जाती आहेत. पहिली पांढऱ्या ओएलईडीवर रंगीत फिल्टर लावणारी. दुसरी २०२२ मध्ये आलेली क्यूडी-ओएलईडी, जिचे रंग जास्त भडक आणि उजळ. अंधाऱ्या खोलीत दुसरी भारीच. पण तिच्या अनेक मॉडेलमध्ये पोलरायझरचा थर नसतो, त्यामुळं खोलीत उजेड असला की काळा जांभळट-राखाडी दिसतो. जुन्या डब्ब्याची राखाडी काच परत आली म्हणा ना! आमच्या हॉलला रस्त्याकडं दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि टीव्ही सर्वात जास्त चालतो दुपारी. आमच्यासाठी पहिलीच जात.

आजीचा प्रश्न

हे सगळं मी घरी समजावून सांगत होतो. आजीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बाळा, समदं खरं. पण मला त्या बाईचं त्वांड नीट दिसंल का?"

मालिकेतली बाई, म्हणजे. माझी अख्खी शीट एका वाक्यात तपासून झाली. आजीला काळ्याचं काही नाही. तिला चेहरा हवाय, तोही दुपारच्या उजेडात, आणि अक्षरं मोठी. बाबांना क्रिकेट आणि बातम्या. अंधार मला एकट्याला हवा होता, तोही सुट्टीला आल्यावर.

बातम्या म्हटल्या की ओएलईडीचा खरा दुखरा भाग येतो. चॅनेलचा लोगो, खालची लाल पट्टी, तासन्‌तास एकाच जागी. ते ठिपके इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि वर्षांनंतर तिथं डाग राहू शकतो. याला बर्न-इन म्हणतात. कंपन्यांनी उपाय केलाय: साधारण चार तास वापर झाला की, रिमोटनं बंद केल्यावर टीव्ही स्टँडबायमध्ये काही मिनिटं स्वतःचे ठिपके तपासून सावरून घेतो. पण त्यासाठी मागं वीज चालू हवी.

आणि आमच्याकडं काय करतात? रात्री बोर्डाचं बटण बंद. पावसाळ्यात वीज कडाडली की प्लगच काढायचा. ही सवय चुकीची नाही, आंब्याच्या बाजूनं ढग चढले की तेच शहाणपण. पण महागडा टीव्ही अशा घरात स्वतःची डागडुजी कधी करणार? यावर आम्ही ठरवलं ते असं: रिमोटनं बंद करायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मगच बटण. विजा असतील तर मात्र थांबायचं नाही, थेट प्लग.

मग घेतलं काय?

खाली बाबा मोजपट्टी धरून उभे होते. सोफा ते भिंत सात फूट. ४के साठी पंचावन्न इंच त्या अंतराला बरोबर बसतो. पांढऱ्या जातीचा ओएलईडी, पण मागच्या वर्षीचं मॉडेल, कारण नव्यातला फरक आमच्या खिडक्यांपुढं दिसणारच नव्हता. उरलेल्या पैशात तीन कामं: भिंतीला रंग, खिडकीला जाड पडदे, मागं साधी पांढरी पट्टी. रंग बदलणारी पट्टी मला आवडली होती, पण हलत्या दिव्यांनी आजीचे डोळे दिपायला लागले, म्हणून ती दुकानातच राहिली. आणि हो, तुमच्या घरी दिवसभर फक्त बातम्याच चालत असतील, तर चांगला मिनी-एलईडी घ्या. बिनधास्त.

साखळी विसरू नका. प्रभातचे रंग जर्मनीत हुकले तसे आपले सेटटॉप बॉक्समध्ये हुकतात. केबलवर दाबून दाबून बारीक केलेलं चित्र असेल तर लाखाचा पडदा त्यातले चौकोनच जास्त स्वच्छ दाखवतो. आधी खोली बघा, मग चित्र कुठून येतंय ते, मग पडदा, आणि शेवटी दिवे. दुकानदार नेमका उलट्या क्रमानं दाखवतो.

एक शेवटची गोष्ट, थोडी जड. आज आपल्याकडं तानाजीची रात्र दाखवू शकेल असा पडदा आहे, पण बाबूरावांचा 'सिंहगड' नाही. त्या काळातले बहुतेक मूकपट गेले. नायट्रेट फिल्म, जी लगेच पेट घेते. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातलीही रिळं जळाली. जे वाचलं ते पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात सांभाळलं जातंय, काही चित्रपट नव्यानं स्वच्छ केले जातायत. नवीन टीव्ही आला की डेमोचे जेलीफिश आणि ज्वालामुखी बघून झाल्यावर प्रभातचा एखादा जुना चित्रपट लावा. 'संत तुकाराम' लावा, १९३६ चा. मागची पट्टी मंद करा, आणि दामले-फत्तेलालांनी राखाडीच्या किती छटा वापरल्यात ते मोजायचा प्रयत्न करा.

तुमच्या घरी टीव्हीमागं झिरोचा बल्ब होता का, आणि तो कुणी लावायचा ठरवलं, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात वाजवतो. तोवर काळजी घ्या, आणि विजा कडाडल्या तर आधी प्लग काढा!