चाळीतील आईबाप आणि मुलांची शाळा

शिक्षणाच्या इतिहासात संस्थापकांची व शिक्षकांची नावे सापडतात; पोटाला चिमटा घेऊन मुलास शाळेत धाडणाऱ्या आईबापांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. तोच विषय ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

1855 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनेही कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. मुलांबरोबर वडीलधाऱ्यांसही अक्षरओळख हवी, हे या थोरांनी ओळखले होते.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण परळच्या डबक चाळीतले आहे. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीवर निर्वाह करीत. बिऱ्हाड एका खोलीचे. खोलीत निजानीज झाली तरी वडील जागे राहत व मुलगा भीमराव यास रात्री दोन वाजता अभ्यासास उठवीत. पुस्तकास पैसे नसले म्हणजे विवाहित मुलींकडून उसने आणीत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. बाबासाहेबांची विद्वत्ता जगाने पाहिली. तिच्या मुळाशी पित्याचे जागरण होते.

येथे स्वतःची एक चूक कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आम्ही गिरणगावातील एका शाळेत नुकतेच लागलो होतो. एका मुलाची आई येऊन म्हणाली, "गुरुजी, पोरगं वाचतं ते खरं की खोटं, मला कसं कळावं?" आम्ही घाईत होतो. "घरी अभ्यास घ्या," एवढे सांगून तिला वाटेस लावले. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. खानावळीत भांडी घासतो असे कळले. गरीब पालक उदासीन असतात, असे आम्ही म्हणत असू. ती माउली तर दारापर्यंत आली होती.

तिला द्यावयाचे उत्तर आम्हांस पुढे सुचले. मुलास मोठ्याने वाचावयास लावावे. तो कोठे अडखळतो ते निरक्षर कानासही कळते.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरविले आहे. ती जागा आपण रिकामी ठेवू नये. तसेच आपल्या वार्षिक समारंभात गुणवंतांचा सत्कार होतो, त्या वेळी त्यांच्या आईबापांसही व्यासपीठावर बोलवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.