क्षीरसागर 'ख'च्या आधी कसे आले?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीचा मराठीतला प्रबंध लाटेकमध्ये लावून देत होतो. संदर्भसूची छापून बघितली, तर कोल्हटकरांनंतर क्षीरसागर आणि मग खरे. काळे तर कावळे आणि काशीकरांच्याही आधी. मार्गदर्शकांनी पेन्सिलीने शेरा मारला, 'सूची अकारविल्हे नाही.' ती म्हणाली, "दादा, कॉम्प्युटरनेच लावलीय ना, मग चुकेल कशी?"

कॉम्प्युटर चुकला नव्हता. आपली वर्णमाला त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

झालं असं. स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नुथ यांना स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पसंत पडेनात, म्हणून 1977 साली त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक उभं केलं. 1985च्या सुमारास ओरेन पाताश्निक यांचं बिबटेक आलं. पुस्तकांच्या नोंदी एका फाइलीत ठेवायच्या, सूची ते लावून देणार: आधी लेखक, मग वर्ष, मग शीर्षक. पण क्रम लागायचा तो अक्षरांच्या संगणकी क्रमांकावरून. इंग्रजीत ए ते झेडचे क्रमांक ओळीनेच आहेत, त्यामुळे त्यांचं निभावलं. स्वीडिशमध्ये झेडनंतर आणखी तीन अक्षरं येतात, तिथेच गाडी अडली.

आपल्याकडे 1988 साली इस्की हे मानक आलं. भारतीय लिप्यांसाठी एकच सामाईक मांडणी. 1991 साली युनिकोड आलं, त्याने देवनागरीसाठी तीच मांडणी उचलली. तिच्यात ळ हा लच्या शेजारी बसलाय. क्षला स्वतःचा क्रमांकच नाही. तो क, हलन्त आणि ष असा तुकड्यांनी लिहिला जातो, म्हणून कच्या घरात जातो. शाळेत आपण काय घोकलं? ह, ळ, क्ष, ज्ञ. म्हणजे काळे काशीकरांच्या नंतर आणि क्षीरसागर पार शेवटी.

गंमत म्हणजे युनिकोडवाले स्वतःच सांगतात की आमचे क्रमांक म्हणजे अकारविल्हे क्रम नव्हे. त्यासाठी त्यांनी वेगळी पद्धत केली आणि भाषेनुसार क्रम बदलायची सोयही ठेवली. बिब्लाटेक आणि त्याच्या जोडीचं बायबर हीच पद्धत वापरतात. क्रमवारीची भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी एका ओळीत लिहिली की ळ आणि क्ष हच्या पुढे जाऊन बसतात. कोकणीचीही सोय आहे.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी प्रत्येक नोंदीला क्रमासाठी खोटं रोमन नाव जोडायचो. दोनशे नोंदी, दोन रात्री. अशा रात्री किती जणांनी घालवल्या असतील!

2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता विद्यापीठांनी प्रबंधाच्या नमुना फाइलीत ही एक ओळ घालावी, ग्रंथालयांनी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रश्न विचारावा. पैसा लागत नाही. वर्णमाला आपली आहे, तिचा क्रम आपणच सांगायला हवा.

तुमच्या गावच्या वाचनालयात, कॉम्प्युटरच्या यादीत क्षीरसागर कुठे सापडतात? बघा आणि कमेंटमध्ये सांगा.