आगगाडीच्या वाटेवरची खाडी

पावसाळ्यात एकदा तरी ही बातमी तुमच्या कानावर येतेच : शीव आणि कुर्ला या स्थानकांच्या दरम्यान रुळांवर पाणी आले आहे, गाड्या उशिराने धावत आहेत. आपण चिडतो, घड्याळाकडे पाहतो, शेजारच्या माणसाजवळ चार शब्द बोलून मोकळे होतो. पण क्षणभर पाण्याच्या बाजूने विचार करून पाहा. शीव सुटल्यापासून कुर्ला येईपर्यंतची ही सखल जमीन मुळात त्याचीच. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे दलदल होती आणि भरतीचे पाणी दिवसातून दोन वेळा आत येऊन परत जात असे.

हे जे पाण्याचे जुने घर, त्यातल्या उरलेल्या खोल्या आज मी तुम्हांला दाखवणार आहे. त्यासाठी मोटार नको, डोंगर चढण्याचा दम नको, की आठ दिवसांची रजा नको. लोकलचे तिकीट, चिखलाला न भिणारी जुनी चप्पल आणि एक पंचांग एवढे सामान पुरे. पंचांग कशाला, ते पुढे सांगतो.

मुंबई सात बेटांची होती, हे आपण शाळेत शिकलो. पण ‘बेटे’ म्हटले की डोळ्यांपुढे मध्ये निळा समुद्र उभा राहतो, तसे ते नव्हते. बेटांच्या मधल्या बऱ्याच भागात ओहोटीला चिखल उघडा पडे आणि भरतीला गुडघा-कंबरभर पाणी असे. माणसे पाणी ओसरले की चालत पलीकडे जात आणि कोरड्या जमिनीवर पाय धूत. म्हणून त्या जागेला पायधुनी म्हणू लागले, असे सांगतात. उमरखाडीच्या नावात तर खाडी अजून तशीच आहे. शीव म्हणजे मुंबई बेटाची सीमा, साष्टीकडे जाताना लागणारी. कुर्ल्याचे नाव कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडले असे म्हणतात. तेही त्या जागेला शोभण्यासारखेच. पश्चिमेच्या गाडीने गेलात तर खार नावाचे स्टेशन लागते. तिथे आज चहासुद्धा खारा मिळायचा नाही, पण नाव राहिले आहे. असल्या जमिनीला आपल्याकडे खाजण म्हणतात. कोळी तिथे मासे धरीत, आगरी बांध घालून मीठ नाही तर भात पिकवीत. ती ‘पडीक’ आहे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. तो शब्द नंतर कागदावर आला.

मग बांध आले. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत शिरे आणि बेटाचा मधला भाग खाऱ्या पाण्याखाली जाई. ते खिंडार बुजवण्याचे काम त्याने विलायतेतल्या मालकांची मर्जी नसताना काढले आणि १७८४ च्या सुमारास ते पुरे झाले. या कामाची एक आख्यायिका आपल्या लोकांत आहे. बांध घालावा आणि तो कोसळावा, असे पुन्हा पुन्हा होऊ लागले. तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू गृहस्थांना स्वप्नात देवीने दृष्टान्त दिला, वरळीच्या खाडीतून मूर्ती वर काढल्या गेल्या आणि मग बांध टिकला. त्याच महालक्ष्मीच्या देवळात आपण नवरात्रात रांग लावतो. इतिहासकार हिशेबाचे कागद मागतील, पण मला या गोष्टीतली एक खूण महत्त्वाची वाटते : समुद्राची जागा घ्यायची तर त्याला विचारावे लागते, हे त्या काळच्या माणसाला जाणवत होते.

पुढे जोनाथन डंकन गव्हर्नर असताना १८०५ च्या सुमारास शीव ते कुर्ला असा बांधरस्ता झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामधला रस्ता मात्र एका बाईच्या औदार्याने झाला. ओहोटी साधून किंवा होडीत बसून माणसे ही खाडी ओलांडीत आणि त्यात अपघात होत. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी त्या कामाला आधी एक लक्ष आणि नंतर सत्तावन्न हजार रुपये दिले, आणि अट घातली की या वाटेवर जाणाऱ्यायेणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. आज टोलनाक्यावर थांबताना या बाईंची आठवण व्हायला हरकत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. तोफा, पाहुणे, इंजिनांची नावे ही सगळी हकीकत तुम्हांला पाठ असेल. तिच्यात एक गोष्ट बहुधा सांगायची राहते. शीवच्या दलदलीत भराव घालून त्यावर रूळ टाकावे लागले होते. रस्ते आणि रूळ खाडीवरून नेले ते अडथळा ओलांडण्यासाठी. पण भराव एकदा पडला की त्याच्या दोन्ही अंगांना पाणी कोंडते, कोंडलेले पाणी कुजते, कुजलेली जागा कुणालाच नको होते, आणि मग तिथे शहराचा कचरा येतो. कचऱ्यावर माती, मातीवर वस्ती. मुंबईचा बराच भाग असा उभा राहिला आहे. त्यात राहणाऱ्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः भरावावरच्याच एका चाळीत वाढलो.

आता पहिली सहल. शीव स्टेशनावर उतरून वांद्र्याच्या दिशेने जाणारा रस्ता धरलात की पंधरा-वीस मिनिटांत महाराष्ट्र निसर्ग उद्यान लागते. मिठी नदीच्या काठची ही जागा एके काळी शहराचा कचरा टाकण्याची होती. त्या ढिगावर माती घालून झाडे लावली गेली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी उघडले. आत सावली आहे, फुलपाखरे आहेत. काठाशी जाऊन उभे राहिलात तर खाली मिठी दिसते. नाक दाबावे लागले तर दाबा, पण बघा. विहार आणि पवईच्या तलावांकडून येणारी ही नदी पुढे माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हिचे पाणी कुर्ल्या-कालिन्याच्या घरांत शिरले. नदीच्या मुखाजवळची जी खाजणे तसले पाणी पोटात घेतात, त्यांच्यावर तोवर कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवण्याचा हुकूम दिला.

दुसरी सहल शिवडीची. वाटेत हार्बर मार्गावर वडाळा लागते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथल्या मिठागरांवर लोकांनी पुन्हा पुन्हा चाल केली. १ जूनला तर सुमारे पंधरा हजार माणसे जमली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय त्या लढ्यात पुढे होत्या. लाठ्या खात खारट चिखलातून ओंजळभर मीठ उचलून आणणाऱ्यांत गिरगावातले कारकून होते आणि लालबागचे कामगारही होते. स्वातंत्र्याच्या इतिहासातली ही एक पाणथळ जागा आहे आणि आपण तिच्याजवळून रोज गाडीने जातो.

शिवडीला उतरा. १६८० च्या सुमारास बांधलेला छोटा किल्ला जवळच आहे. त्यावरून खाली खाडी दिसते. इथला किनाराही जुना नव्हे. १९०८ ते १९१२ या काळात बंदराच्या कारभाऱ्यांनी माझगाव ते शिवडी भराव घालून पाचशेहून अधिक एकर जमीन काढली. शेजारच्या कॉटन ग्रीनचे नावही त्यानंतर कुलाब्याकडून इकडे आलेल्या कापसाच्या बाजाराचे. भरावाच्या पलीकडे जो चिखल उरला, तिथे १९९० नंतरच्या वर्षांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी येऊ लागले. चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ हे त्यांचे अन्न. हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात.

मी पहिल्यांदा गेलो तो पौर्णिमेचा दिवस होता आणि दुपारचे बारा वाजले होते. धक्क्याच्या दगडांपर्यंत पाणी, आणि पक्षी एकही नाही. जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मला न्याहाळले आणि म्हणाला, “तिथी बघून नाय आलात वाटतं? पुनवेला बाराला भरती असते, साहेब. पाणी उतरू द्या, तीनला या.” मग त्याने मला हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. वद्य पक्षातही तसेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा दोन्ही कमी. पुऱ्या ओहोटीला पक्षी दूर जातात, पुऱ्या भरतीला त्यांना उभे राहायला जागा नसते. म्हणून मधली वेळ साधायची. मी घरी येऊन पंचांग काढले आणि पडताळून पाहिले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पंचांग आहे, पण त्याचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

तीन वाजता चिखल उघडा पडू लागला होता. प्रथम निवट्या टुणटुण उड्या मारताना दिसल्या. मासा असून जमिनीवर हिंडणारा हा प्राणी मुलांना फार आवडतो. एक नांगी मोठी असलेले इवले खेकडे बिळांतून बाहेर आले. तिवरांची मुळे पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी चिखलातून वर डोकावत होती. ती श्वास घेण्यासाठी. मग लांब पायांचे शेकाटे, तुतवार, आणि शेवटी ती गुलाबी रेघ, हळूहळू जवळ सरकणारी. तेव्हा पलीकडे मोकळे आकाश होते. आता तिथून अटल सेतू जातो. १२ जानेवारी २०२४ ला तो सुरू झाला आणि न्हावाशेव्याकडची वाट जवळ झाली. बांध, रूळ, पूल, दर शतकात खाडीवर एक नवी वाट येते, आणि मीही तिच्यावरूनच जातो.

तिसऱ्या सहलीत चालणे कमी. मानखुर्द ते वाशी ही गाडी १९९२ पासून ठाण्याच्या खाडीवरून जाते. त्या पुलावर दारापासून जरा आत उभे राहून बाहेर पाहा. पुढे ठाण्याच्या गाडीने ऐरोलीला उतरून रिक्षा केलीत, की वनखात्याचे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून होडीने खाडीत नेतात. होडीची वेळ घड्याळ ठरवीत नाही, भरती ठरवते. ही खाडी २०१५ मध्ये रोहितांचे अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

पश्चिमेच्या काठावर मात्र निराळे चालले आहे. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथल्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जागा घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. घरे हवीत, हे मला चाळीत वाढलेल्याला कुणी सांगायला नको. पण त्या जागेला कागदावर पुन्हा ‘पडीक’ म्हटले जाते, तेव्हा शीव-कुर्ल्याचे रूळ आठवतात. निदान काय बुजवले जाणार आहे, ते आधी पायांनी पाहून यावे, एवढेच माझे म्हणणे.

तेव्हा येत्या अष्टमीला सुट्टी असेल तर सकाळी साडेआठच्या आत शिवडीची गाडी पकडा. सहाला भरती होऊन गेलेली असेल. नऊला धक्क्यावर पोचाल तेव्हा पाणी अर्धे उतरलेले असेल आणि निवट्या बाहेर आलेल्या असतील.