जिंजीची वाट

मंडळाच्या सहलीस आम्ही चेन्नईहून पाठीवर पडशा टाकून बसने जिंजीस निघालो, तेव्हा एका जुन्या प्रवासाचे स्मरण झाले. १६८९ साली राजाराम महाराज मोजक्या सोबत्यांनिशी पन्हाळ्याहून वेषांतर करून याच जिंजीस निघाले होते. बंगळूरनजीक शत्रूस संशय येताच महाराज पुढे निसटले; खंडो बल्लाळ प्रभृती मागे राहिले. बखरी सांगतात, त्यांनी छळ सोसला. धन्याचा ठाव सांगितला नाही. म्हणूनच जिंजी पुढे सुमारे आठ वर्षे मराठ्यांची राजधानी होऊ शकली. २०२५ साली हा दुर्ग जागतिक वारसा ठरला. राजगिरी चढताना आम्ही मागे पडलेल्यांसाठी थांबत होतो. परमुलखात राज्य काय, मंडळ काय, सोबत्यांच्याच बळावर टिकते.