पाणीपुरवठ्याच्या नकाशासाठी सॉफ्टवेअर कसं निवडायचं?

रस्त्याच्या कामात जलवाहिनी फुटते आणि पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे, हे फक्त गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या व्हॉल्व्हमनला ठाऊक असतं. छोट्या नगरपरिषदांमध्ये ही माहिती अनेकदा माणसांच्या डोक्यातच असते. ती कायम राहावी, यासाठी जीआयएस नकाशा करतात. त्यात वाहिनीवर क्लिक केलं की तिचा व्यास, प्रकार आणि ती टाकल्याचं वर्ष दिसतं.

पर्याय कोणते?

चर्चा मुख्यतः दोन नावांची होते. अमेरिकेतल्या एस्री कंपनीचं आर्कजीआयएस विकत घ्यावं लागतं. त्यात कंपनीची मदत मिळते, पण परवान्याचा खर्च पुन्हापुन्हा येतो. क्यूजीआयएस मुक्तस्रोत आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली. त्याला परवाना शुल्क नाही. अर्थात, फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे: प्रशिक्षण आणि नोंदी अद्ययावत ठेवणारा माणूस लागतोच. तरीही काही हजार नळजोडण्यांच्या गावाला क्यूजीआयएस पुरेसं आहे.

खरी गोम कुठे?

माहिती कोणत्या स्वरूपात मिळणार, यात. सर्वेक्षण करणाऱ्या कंत्राटदाराने फक्त पीडीएफ दिली, तर पुढच्या दुरुस्तीची नोंद त्यात करता येत नाही. त्यामुळे मूळ डेटा नगरपरिषदेच्या मालकीचा असेल, ही अट निविदेतच हवी.

शेपफाइल हे जुनं स्वरूप अजून सर्रास चालतं. पण त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट जागा असते आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ‘व्यास’ हा साधा शब्दही पूर्ण मावत नाही! त्याऐवजी जिओपॅकेज मागावं. ते खुलं मानक आहे आणि सगळं एकाच फाइलमध्ये राहतं.

मोबाइलवरच्या क्यूफील्ड अॅपने इंटरनेटशिवायही जागेवर नोंदी घेता येतात. मात्र मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो. व्हॉल्व्ह शोधायला तो चालेल, खोदकामाची रेषा आखायला नाही.

खरेदीआधी एकाच प्रभागातले व्हॉल्व्ह, जुन्या व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन, नोंदवून पाहावेत. मग तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडते का, हेही तपासावं.