लेण्याद्रीचं रिनोव्हेशन

जुनं घर नव्यानं सजवायचं असेल, तर आधी आपल्या जुन्नरच्या लेण्याद्रीला जाऊन या. गणपतीचं देऊळ असलेलं ७ नंबरचं लेणं मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार, म्हणजे राहायची जागा. २० खोल्या आणि मध्ये एकही खांब नसलेला मोठा हॉल.

पुढे त्याचं देऊळ झालं. मांडणी तीच ठेवली, मधलं दार बहुधा रुंद केलं. भिंतींना गिलावा दिला, त्यावर चित्रं काढली. रंग मोजकेच: तांबडा, पिवळा, निळा, तपकिरी. जुना कोड न मोडता नवी थीम, असं आम्ही ऑफिसात म्हणू!

आता मंचर-घोडेगावकडच्या एखाद्या जुन्या मातीच्या घराचा विचार करा. भिंतीला सिमेंट, वर प्लास्टिक पेंट, खाली चकचकीत टाइल्स. फोटोत मॅचिंग झकास! पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते. मग पोपडे सुटतात, भिंतीतलं लाकूड कुजायला लागतं. चुना ओलीला वाट देतो.

म्हणून माझं मत: आधी गिलावा भिंतीशी जुळतो का ते बघा, मग त्या गिलाव्याला चालणारा रंग. शेड कार्ड सगळ्यात शेवटी.